गुंता का होतो?

शिक्षकांसाठी आम्ही जी विज्ञान शिबिरं घेतो त्यांत शेवटचा अर्धा तास मोकळा ठेवलेला असतो. ज्याला जे विचारायचं ते त्यानं विचारावं. दोन वर्षांपूर्वी सांगली जिल्ह्यातल्या एका शिबिरात, या अर्ध्या तासात, चौथीला शिकवणाऱ्या एक बाई उठल्या. म्हणाल्या, "माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या डोक्यात जट आलीय. मानेपाशी, अंगठ्याएवढी. घरचे म्हणतात देवीची आहे, हात लावायचा नाही. काय सांगू त्यांना?"

आम्ही लगेच सांगून मोकळे झालो, की केस विंचरले नाहीत म्हणजे गुंता होतो, गुंता वाढला की जट होते, त्यात दैवी काही नाही.

"तेवढं मीही सांगितलं, सर. तिची आजी म्हणते, शेजारच्या पोरी तरी कुठं रोज विंचरतात? त्यांना का नाही आली? हिलाच का? आणि ती एका दिवसात कशी आली?"

आजींचे प्रश्न बिनतोड होते. परिस्थिती सारखी असताना एकीकडे परिणाम दिसतो आणि दुसरीकडे दिसत नाही, असं का? प्रयोगशाळेत आम्ही एकमेकांना हेच विचारत असतो. त्या दिवशी आमच्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधायला हवं होतं, कारण बाईंची घाई रास्त होती. जट आलेल्या मुलीला यल्लम्माला सोडण्याची चाल सीमाभागात होती. देवाला सोडलेल्या मुलीचं लग्न होत नसे, आणि पुढं तिचं काय होई ते सर्वांना ठाऊक आहे. कर्नाटकात १९८२ साली आणि महाराष्ट्रात २००५ साली याविरुद्ध कायदे झाले. पण देवाला सोडलं नाही तरी डोक्यावरच्या जटेमुळं मुलीची शाळा सुटू शकते.

मुलीचे केस कसे आहेत, असं आम्ही बाईंना विचारलं होतं. "दाट, राठ आणि कुरळे. अजिबात ऐकत नाहीत." या तीन शब्दांत तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या वेगळ्या करून पाहिल्या तर अर्धं उत्तर मिळतं.

दाट म्हणजे संख्येनं जास्त. माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात, कुणाच्या थोडे कमी, कुणाच्या जास्त. राठपणा मात्र एकेका केसाच्या जाडीवर अवलंबून असतो. केस वाकवायला लागणारं बल त्याच्या व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतं. एका मुलीचा केस ०.०६ मिलिमीटर आणि दुसरीचा ०.०९ मिलिमीटर जाड असेल, तर जाडीत फरक फक्त दीडपट, पण ताठपणात तो पाचपट होतो! म्हणूनच काही केस चापून बसतात आणि काही पिनेला दाद देत नाहीत. ही जाडी वर्गात मोजता येते. लेझर पॉइंटरच्या वाटेत एक केस ताणून धरा आणि दोन मीटरवरच्या भिंतीकडे पाहा (डोळ्यांत किरण जाणार नाही याची काळजी घ्या). प्रकाशाचे ठिपके आणि मधेमधे काळोख दिसेल. शेजारशेजारच्या दोन काळोख्या जागांमधलं अंतर १६ मिलिमीटर आलं, तर लाल प्रकाशाची तरंगलांबी ०.०००६५ मिलिमीटर धरून केसाची जाडी ०.०००६५ × २००० ÷ १६, म्हणजे सुमारे ०.०८ मिलिमीटर येते. दहावीच्या मुलांना हा प्रयोग फार आवडतो.

कुरळेपणा ठरतो तो त्वचेच्या आत. केस जिथं तयार होतो ते बीजकोश काही जणांत सरळ असतात, काहींत वाकडे. वाकड्या बीजकोशातून येणाऱ्या केसाच्या दोन बाजू एकसारख्या नसतात. त्यामुळं तो वळत वळतच बाहेर पडतो. हे आनुवंशिक आहे, आणि ते ठरवणारं जनुक एकच नव्हे, अनेक आहेत. दोन सख्ख्या बहिणी, एकच तेल, एकच फणी, तरी एकीचे केस सरळ आणि दुसरीचे कुरळे असू शकतात ते यामुळंच. तेव्हा अशा मुलीला 'झिपरी' म्हणणाऱ्यांनी ती केस नीट ठेवत नाही असा निष्कर्ष काढू नये. शाळेतही हे नाव सर्रास ऐकू येतं, आणि मुलींना ते जन्मभर लक्षात राहतं.

पण कुरळेपणा हा एकटाच गुन्हेगार नव्हे. ज्याँ-बाप्तिस्त मासोँ या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञानं केशकर्तन करणाऱ्यांकडून लोकांच्या केसांतले गुंते मोजून घेतले आणि २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. सरळ केसांत सरासरी पाचेक गुंते निघाले, कुरळ्यांत तीनेक. आम्हालाही वाटलं होतं त्याच्या अगदी उलट! म्हणजे साधा गुंता कुणालाही होतो. प्रश्न आहे तो गुंत्याची गाठ आणि गाठीची जट कशी होते हा.

इथं एक छोटा प्रयोग करून बघा. डोक्यावरचा एक लांब केस मुळासकट उपटा. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये तो उभा धरा आणि बोटं वरखाली चोळा. केस एका दिशेनं सरकू लागेल. आता त्याला उलटा करा, टोक वर होतं ते खाली न्या आणि पुन्हा चोळा. या वेळी तो उलट दिशेला जाईल. काहीही केलं तरी केस सरकतो तो मुळाच्या दिशेनंच.

असं होतं, कारण केसावर खवले असतात. कौलांसारखे एकावर एक बसवलेले, आणि सर्वांची उघडी कड टोकाकडे. बोट मुळाकडून टोकाकडे गेलं तर ते खवल्यांवरून घसरतं, उलट गेलं तर खवल्यांत अडकतं आणि केसाला ओढून नेतं. सगळे केस एकाच दिशेनं पडलेले असले तर यानं फारसं बिघडत नाही. पण शेजारी दोन केस उलटसुलट पडले, तर एकाचे खवले दुसऱ्यात अडकतात आणि प्रत्येक हालचालीबरोबर ते जास्त जास्त आवळले जातात. परत मोकळे होत नाहीत, कारण हालचालीला मुभा एकाच बाजूनं असते. लोकरीपासून काश्मीरचा नमदा किंवा आपल्याकडचं जेन बनतं ते याच गुणावर. लोकर भिजवायची आणि रगडायची, की विणल्याशिवाय तिचं कापड होतं. जट म्हणजे डोक्यावर झालेलं जेन.

डोक्यावर उलटे केस येतात कुठून? रोज आपले पन्नास ते शंभर केस गळतात. सरळ केस घरंगळून जातात किंवा फणीत येतात. दाट आणि कुरळ्या केसांतून गळलेला केस बाहेर पडतच नाही. तो आत फिरतो, वळतो, कधी उलटा होतो. महिनाभर विंचरलं नाही तर असे दीड ते तीन हजार सुटे केस डोक्यात जमू शकतात, आणि हेच केस बाकीच्यांना बांधून टाकतात. शेजारच्या पोरीही विंचरत नाहीत, पण त्यांचे गळलेले केस डोक्यात राहत नाहीत. आजींच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर न्हाणीघरात आहे. ओल्या केसांमधलं घर्षण वाढतं. कपड्याच्या साबणासारख्या अल्कधर्मी साबणानं केस फुगतो, खवल्यांच्या कडा उचलल्या जातात. अशा वेळी केस डोक्यावर गोळा करून रगडले, तर लोकरीचं जे होतं तेच होतं. एकदाच डोकं धुतल्यावर काही मिनिटांत केसांचा न सुटणारा गोळा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. जट 'एका दिवसात' आली हे आजींचं म्हणणं खोटं असेलच असं नाही.

जटेचं भय हे काही फक्त आपलं नाही. पोलंडमध्ये जट इतकी आढळे, की युरोपातले डॉक्टर तिला 'प्लिका पोलोनिका', म्हणजे पोलिश जट, असंच म्हणत. शरीरातला रोग जटेवाटे बाहेर येतो, ती कापली तर माणूस आंधळा होतो किंवा वेडा होतो, अशी तिथल्या लोकांची समजूत होती. तिथं देवी नव्हती, भय मात्र हेच होतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास क्राकूवचे प्राध्यापक युझेफ डीट्ल यांनी रुग्ण तपासून दाखवून दिलं, की हा रोग नव्हे, केसांची हेळसांड आहे. पुढं डीट्ल त्या शहराचे महापौर झाले.

जट कापल्यानं काही होत नाही, कारण त्वचेबाहेरचा केस मृत असतो. त्यात रक्त नाही, मज्जातंतू नाहीत. उलट ती ठेवण्याचाच त्रास असतो. साठ सेंटिमीटर लांबीचा एक केस सुमारे तीन मिलिग्रॅम भरतो, म्हणजे लाख केसांचे तीनशे ग्रॅम. जटेत यावर गळलेल्या केसांची, घामाची, धुळीची, हळदीकुंकवाची भर पडते. धुतलेली जट आतून वाळता वाळत नाही. मान दुखते, उवा होतात, डोक्याला जखमा होतात. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते अनेक वर्षं घरोघर जाऊन, समजूत घालून जटा कापत आले आहेत.

जट लहान आणि नवी असेल तर कात्रीशिवायही सुटते. तिला भरपूर खोबरेल लावून काही तास मुरू द्यायचं. खोबरेल केसाच्या आत शिरतं, खनिज तेल शिरत नाही, असं मुंबईतल्या दोन संशोधकांनी २००३ साली दाखवलं (ते एका तेल-कंपनीचे होते हेही सांगायला हवं, पण प्रयोग नेटका होता). मग टोकाकडून सुरुवात करून, बोटांनी, थोडं थोडं सोडवत मुळाकडे जायचं. मुळापासून फणी घातली तर गाठ आवळते. एरवीही कुरळे केस कोरडे विंचरू नयेत. ओलसर असताना, तेल लावून, मोठ्या दातांच्या फणीनं विंचरावेत आणि रात्री वेणी घालावी. वेणीत सगळे केस एका दिशेनं राहतात, खवले एकमेकांत अडकत नाहीत. शाळेच्या दोन वेण्यांच्या नियमात एवढं शास्त्र आहे खरं.

हे सगळं आम्ही बाईंना लिहून पाठवलं. त्यांनी ते घरी जाऊन सांगितलं नाही. वर्गात सगळ्यांना एकेक केस उपटायला लावून बोटांचा प्रयोग करून घेतला आणि म्हणाल्या, घरी जाऊन आजीकडून करून घ्या. आजीनं तो तीनदा केला म्हणे, एकदा स्वतःच्या पांढऱ्या केसावर. पुढच्या आठवड्यात मुलीच्या आईनं दोन दुपारी बसून तेल लावून बरीचशी जट सोडवली. राहिलेली सुपारीएवढी गाठ कापली. आजीनं ती नदीत सोडली, पण आधी एक चिमूट कागदात गुंडाळून बाईंकडे दिली, "तुमच्या सायबांना बघू द्या" म्हणून.

ती आमच्याकडे टपालानं आली. सूक्ष्मदर्शकाखाली सुईनं एकेक केस वेगळा करायला सबंध सकाळ गेली. चाळीस केस मोकळे झाले. त्यांतल्या सव्वीस केसांना टोकाशी पांढरा, गोल कंद होता, म्हणजे ते कापण्याच्या कितीतरी आधीच डोक्यातून सुटलेले होते. त्यांपैकी अकरा उलटे पडले होते. त्याचा फोटो आम्ही बाईंच्या फोनवर पाठवला, आजींना दाखवायला.