सांध्यावाचून उभी राहिलेली भिंत

दोन प्रवाहांना परस्परांत मिसळू न देता एकाची उष्णता दुसऱ्यास पोचविणे, एवढ्या एका कामासाठी जे यंत्र साखर कारखान्यापासून विमानापर्यंत सर्वत्र राबत असते, त्या हीट एक्स्चेंजरचा खरा कस त्याच्या भिंतीत लागतो. भिंत जितकी पातळ आणि तिचा पृष्ठभाग जितका विस्तीर्ण, तितकी उष्णतेची देवघेव सुलभ. परंतु नळ्या व पत्रे जोडूनच ती उभारावयाची असली, की प्रत्येक सांध्याशी गळतीची धास्ती चिकटते, आणि यंत्राची घडण उष्णतेच्या सोयीने न ठरता कारागिराचे हत्यार जेथवर पोचेल तेथवरच थांबते.

१९९६ साली जर्मनीतील आखेन येथील फ्राउनहोफर लेसर-तंत्र संस्थेने ज्या पद्धतीचे पेटंट मागितले, तीत जोडकामाला जागाच नाही. धातूच्या भुकटीचा मिलिमीटरच्या काही शतांशांएवढा थर पसरावा, आराखड्याबरहुकूम तेवढाच भाग लेसरने वितळवावा, त्यावर पुन्हा थर द्यावा, असे करीत वस्तू तळापासून वर चढते. अशा कारागिरीची जणू वाट पाहत असलेली एक आकृती त्यापूर्वीच गणिताच्या दप्तरी दाखल होती: नासाचे ॲलन शोएन यांनी १९७० साली वर्णन केलेला जायरॉइड. एकही सरळ रेषा नसलेले हे अखंड वक्रपृष्ठ अवकाशाचे दोन चक्रव्यूह करते, जे एकमेकांत गुंतूनही कोठेच मिळत नाहीत. शिवाय त्याचे चढउतार असे, की बहुधा आतून टेकू न देताही ते छापता येते.

या विद्येचा एक दाखला मंगळावर आहे. १८ फेब्रुवारी २०२१ रोजी तेथे उतरलेल्या ‘पर्सिव्हिअरन्स’ गाडीतील ‘मॉक्सी’ हे उपकरण सुमारे ८०० अंश सेल्सिअस तापमानात कार्बन डायऑक्साइडपासून प्राणवायू काढीत असे. त्यातील नाजूक भागांना या दाहापासून वाचविणारे, तळहाताएवढे सहा निकेल-मिश्रधातूचे हीट एक्स्चेंजर कॅलटेक येथे छापले गेले; जुन्या रीतीने प्रत्येकाचे दोन भाग करून वेल्डिंग करावे लागले असते, ते येथे एकसंध निघाले. त्याच वर्षीच्या २० एप्रिलला उपकरणाने पहिला, सुमारे ५ ग्रॅम, प्राणवायू दिला.

तथापि सांधा गेला म्हणून चिंता गेली नाही. ती भिंतीच्या पोटात शिरली. थराथराने घडलेल्या धातूत सूक्ष्म भेगा राहू शकतात, म्हणून ‘मॉक्सी’च्या त्या भागांनाही हजार अंशांहून अधिक तापमानात चहूबाजूंनी वायूचा प्रचंड दाब सोसावा लागला. न वितळलेली भुकटी अरुंद वाटांत अडकते. आणि पृष्ठभागाचा खरखरीतपणा उष्णता-संक्रमणास साहाय्य करीत असला, तरी प्रवाहाचा दाब खातो आणि तो जमाखर्चात पंपाच्या नावे पडतो.

म्हणूनच वजनाचा प्रत्येक ग्रॅम आणि जागेचा प्रत्येक कोपरा जेथे महाग, तेथेच सध्या हा खर्च फिटतो. दूधसंघातील पाश्चरीकरणाचा प्लेट एक्स्चेंजर बोल्ट सैल करून उघडता येतो व पत्रा-पत्रा घासून धुता येतो; तेथे सांधा ही उणीव नसून त्या यंत्राची मुख्य सोय आहे.