गाठमाशी
कीटकवर्गाच्या डिप्टेरा (द्विपंखी) गणातील सेसिडोमायिइडी कुलातील माश्यांना हे नाव देतात. या कुलात सहा हजारांहून अधिक जाती ज्ञात असून त्यांपैकी बऱ्याच वनस्पतींवर गाठी निर्माण करतात. प्रौढ माशी डासासारखी नाजूक, सामान्यतः १ ते ५ मिमी. लांब व अल्पायुषी असते. गाठ होते ती अळीमुळे. अळीच्या लाळेतील द्रव्यांमुळे पानातील कोशिकांची वाढ बदलते, ऊतक फुगते किंवा दुमडते आणि अळीला निवारा व अन्न दोन्ही मिळतात.

यूरोपातील ओकच्या पानांवर मॅक्रोडिप्लॉसिस प्रजातीच्या दोन जाती आढळतात. एकीमुळे पानाच्या खंडाचे टोक खालच्या बाजूस दुमडते, तर दुसरीमुळे दोन खंडांमधील कडा वर वळते. पूर्ण वाढलेल्या अळ्या जमिनीत उतरतात. वृक्षाला यापासून फारशी इजा होत नाही. बाळगुटीतील मायफळ हीही ओकवरील गाठच होय. मात्र ती माशीमुळे नव्हे, तर एका गांधीलमाशीसदृश लहान कीटकामुळे होते.

बहुतेक गाठमाश्या एका किंवा अगदी जवळच्या काही वनस्पतिजातींवरच जगू शकतात. पाचगणी येथील सिल्व्हर ओक हा नावापुरताच ओक आहे. हा मूळचा ऑस्ट्रेलियातील, प्रोटिएसी कुलातील वृक्ष असून सह्याद्रीत खरा ओक नैसर्गिक रीत्या वाढत नाही. त्यामुळे ओकवरील माश्यांना तेथे आश्रय मिळत नाही. उलट, महाराष्ट्रात आंब्याच्या पानांवर दिसणाऱ्या चामखिळीसारख्या गाठी प्रोकॉन्टॅरिनिया प्रजातीच्या माश्यांमुळे होतात.

आर्थिक दृष्ट्या सर्वांत महत्त्वाची जाती भातावरील गादमाशी (ऑर्सिओलिया ओरायझी) ही होय. पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत तिचा उपद्रव होतो. अळी पानावरून खाली सरकून फुटव्याच्या वाढबिंदूपर्यंत पोहोचते. तेथे कांद्याच्या पातीसारखी पोकळ, चंदेरी नळी तयार होते. तिला ‘चंदेरी पोंगा’ म्हणतात. अशा फुटव्याला लोंबी येत नाही. ढगाळ, दमट हवेत व उशिरा लावणी केलेल्या शेतात नुकसान अधिक होते. पोंगा दिसेपर्यंत त्या फुटव्याची हानी झालेली असल्याने वेळेवर लावणी व प्रतिकारक्षम वाणांची निवड हे उपाय महत्त्वाचे ठरतात. प्लॅटिगॅस्टर ओरायझी हा परजीवी कीटक अळ्यांचा नैसर्गिक शत्रू आहे. तथापि प्रतिकारक्षम वाणही कायमचे सुरक्षित नसतात. भारतात गादमाशीचे सात जीवप्रकार नोंदले गेले असून, एका भागात टिकणारे वाण दुसऱ्या भागात बळी पडू शकते. म्हणून वाणाची निवड स्थानिक जीवप्रकार लक्षात घेऊन करावी लागते.