खांद्यावरचा हात

शेजारच्या काकूंनी जुन्या लुगड्याच्या घडीतून फ्रेम काढली आणि म्हणाल्या, "ह्यो एकच फोटू हाय आयशीचा."

काकूंचं माहेर पनवेलला, गाढी नदीच्या काठी. आमच्या नेरे गावावरून जाते तीच गाढी. २६ जुलै २००५च्या पुरात तिचं पाणी घरात शिरलं आणि भिंतीवरचा फोटो रात्रभर भिजला.

वाळताना तो काचेला चिकटला. जुन्या कृष्णधवल फोटोवर जिलेटिनचा थर असतो, तो भिजला की काच धरून बसतो. ओढला तर चेहरा काचेवर राहतो आणि हातात नुसता कागद येतो. म्हणून काचेसकटच स्कॅन केला. हल्लीच्या पातळ स्कॅनरला काचेच्या जाडीइतकं अंतरही सोसत नाही, चित्र धूसर येतं. तिथे जुना, जाडजूड सीसीडी स्कॅनरच उपयोगी पडतो.

सहा बाय चार इंचांचा फोटो ६०० डीपीआयला घेतला, म्हणजे ३६०० गुणिले २४०० ठिपके. फोटो कृष्णधवल, तरी स्कॅन रंगीत. पाण्याचे पिवळे डाग निळ्या चॅनलमध्ये गडद दिसतात, लाल चॅनलमध्ये जवळजवळ विरून जातात. गिम्प सॉफ्टवेअरमध्ये फक्त लाल चॅनल ठेवला आणि बरेच डाग न पुसताच गेले. मूळ स्कॅन टिफमध्ये बाजूला ठेवला. पुढचं सगळं काम प्रतीवर.

लुगड्याचा काठ गुडघ्यापाशी उडाला होता. खांद्यावर तोच काठ शाबूत होता. तिथला तुकडा उचलला, नव्या लेयरवर ठेवला, निरीच्या उताराप्रमाणे फिरवला आणि कडा मऊ ब्रशने मास्क केल्या. मागच्या भिंतीवरचे बुरशीचे ठिपके हीलिंग टूलने भरले, कारण ते आजूबाजूचा उजेड बघून मिसळतं. पण केसांच्या कडेला हीलिंग काळपट ओढतं. तिथे क्लोन टूल घेतलं आणि चित्र दोनशे टक्के मोठं करून एकेक ठिपका भरला. दोन संध्याकाळी त्यातच गेल्या.

उरला डावा खालचा कोपरा. काकूंच्या आईचं मनगट दिसत होतं, दोन पाटल्याही दिसत होत्या, पण बोटांच्या जागी पांढरा चट्टा. मी सुचवलं, "काकू, एवढा भाग कापू या का? चेहरा मोठा येईल."

त्यांनी पडद्याजवळ वाकून चट्ट्याखालच्या झबल्यावर बोट ठेवलं. "ही मीच."

चट्टा लहानग्या काकूंच्या खांद्यावर होता. फोटो कापला असता तर लेक गेली असती. दुसऱ्या कुणाच्या फोटोतली बोटं आणून बसवणं सोपं होतं, दहा मिनिटांचं काम. पण गुडघ्यापाशी भरलेला काठ त्याच लुगड्याचा होता. ही बोटं परक्या बाईची झाली असती. फोटोत जे आहे त्यातूनच फोटो दुरुस्त करायचा, एवढा एक नियम मी पाळते. जे मुळात उरलंच नाही, ते घडवायचा हक्क मला नाही.

चट्ट्याचा पांढरेपणा फक्त झबल्याच्या करड्या रंगापर्यंत उतरवला, डोळ्यांना टोचणार नाही इतका. पाटल्यांपुढे हात आता अलगद विरतो.

प्रिंट हातात दिली तेव्हा मी म्हटलं, "बोटं नाही आणता आली."

काकूंनी स्वतःच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला. "हाय ना हात. मना ठाव हाय."