बंब पोहोचण्याआधी

संक्रांतीच्या सुमारास मुंबईच्या अग्निशमन केंद्रांवर एक वेगळीच वर्दी येऊ लागते. पतंगाच्या मांज्यात पंख अडकून एखादी घार पिंपळाच्या शेंड्याला लोंबत असते. खाली पोरे जमलेली असतात आणि कुणीतरी १०१ लावलेला असतो. लाल गाडी येते, शिडी उभी राहते. एक जवान वर चढून पाखरावर अलगद कापड टाकतो, दोरा कापतो आणि जखमी घार पक्षिमित्रांच्या हवाली करतो. या कामात ना ज्वाळा असतात, ना धूर. तरी ती वर्दीच असते आणि तिची नोंदही आगीच्या वर्दीइतक्याच चोखपणे होते.

‘आग विझवणारे’ एवढीच अग्निशमन दलाची ओळख आपल्या मनात असते. केंद्रातला प्रत्यक्ष दिवस पुष्कळदा दुसऱ्याच कामांत जातो. कुठे वीज गेल्याने लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली असते आणि आत एक आजी घाबरून बसलेली असते. कुठे तीन वर्षांच्या मुलाने आतून कडी लावून घेतलेली असते, आई बाहेर आणि गॅसवर दूध. पावसाळ्यात रस्त्यावर झाड आडवे पडते, टँकरमधून तेल सांडून दुचाक्या घसरू लागतात, उघड्या नाल्यात कुणी वाहून जाते. गणेश विसर्जनाला चौपाट्यांवर तैनात असणारे जीवरक्षकही याच यंत्रणेचा भाग. शहर कुठे कुठे अडते हे अग्निशमन केंद्राच्या नोंदवहीइतके स्पष्ट क्वचितच कुठे दिसत असेल.

मुंबईत हे काम पूर्वी पोलिसांच्या हाताखाली चाले. १८८७ साली महापालिकेचे स्वतंत्र, पूर्णवेळ अग्निशमन दल उभे राहिले. तेव्हा घोडे जुंपलेले बंब धावत. मोटारीवर चालणारा पहिला बंब १९०७ मध्ये आला. आज शहरात तीसहून अधिक केंद्रे आहेत आणि मुख्यालय भायखळ्याला आहे.

या दलाच्या इतिहासात १४ एप्रिल १९४४ ही तारीख कायमची कोरली गेली आहे. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे मालवाहू जहाज लागले होते. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके होती आणि त्याच जहाजात कराचीहून घेतलेल्या कापसाच्या हजारो गाठी रचल्या होत्या. दुपारी दोनच्या सुमारास कापसातून धूर निघताना दिसला. अग्निशमन दलाचे जवान जहाजावर चढले, पाण्याचे फवारे सुरू झाले. दोन तास शेकडो टन पाणी ओतूनही आगीचे मूळ काही हाती लागेना. जहाजाचे पत्रे तापून पाणी उकळू लागले, तरी माणसे हातातली होज सोडून हटली नाहीत. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. हादऱ्याची नोंद दूर शिमल्याच्या भूकंपमापकावर झाली. शेकडो मुंबईकर दगावले, गोदीलगतच्या वस्त्या जळाल्या. अग्निशमन दलाचे ६६ जण त्या दिवशी परतले नाहीत. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो आणि २० एप्रिलपर्यंत अग्निशमन सेवा सप्ताह चालतो.

ही फार जुनी गोष्ट, असे म्हणण्याची सोय नाही. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीतल्या ‘गोकुळ निवास’ या जुन्या इमारतीला आग लागली. लाकडी तुळया, लाकडी जिने, अरुंद गल्ली. रहिवाशांना बाहेर काढल्यावरही अधिकारी आगीशी झुंजत होते आणि इमारतीचा भाग कोसळला. संजय राणे आणि महेंद्र देसाई हे अधिकारी ढिगाऱ्याखाली गेले. गंभीर भाजलेले सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांचेही पुढच्या पंधरवड्यात निधन झाले. दलाचा प्रमुख स्वतः आगीच्या तोंडाशी उभा होता, यातच या नोकरीची रीत दिसते. इथे साहेब मागे राहून हुकूम सोडत नाही.

आगीत माणूस भाजण्याआधी बहुधा गुदमरतो. फोम, प्लास्टिक, रेक्झिन, सनमायका असे आजच्या घरातले सामान जळताना काळा, विषारी धूर सोडते. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना वास, ना रंग. काही श्वासांतच माणसाला भ्रम होतो आणि दार समोर असून सापडत नाही. म्हणून जवान पाठीवर हवेचा सिलिंडर आणि तोंडावर मास्क चढवूनच आत शिरतात. बोलीत त्याला ‘बीए सेट’ म्हणतात. कागदावर तो अर्धा-पाऊण तास पुरतो. प्रत्यक्षात अंगावरचे जाड कपडे, हातातली भरलेली होज आणि चढावे लागणारे जिने यांमुळे धाप लागते आणि हवा लवकर संपते. सिलिंडर संपत आला की शिट्टी वाजू लागते आणि मग आत कुणी अडकलेले असले तरी जवानाला बाहेर यावेच लागते. हा क्षण त्याच्या वाट्याला येऊ नये यासाठी रहिवाशांना बरेच काही करता येते, आणि या लेखाचा खरा विषय तोच आहे.

उंच इमारतींचेच पाहा. २००८ च्या नोव्हेंबरात ताजमहाल हॉटेलवर दहशतवादी हल्ला झाला, तेव्हा गोळीबार चालू असताना जवानांनी खिडक्यांना शिड्या लावून पहिल्याच रात्री सुमारे २०० जणांना खाली उतरवले. २२ जुलै २०१९ रोजी वांद्र्याच्या एमटीएनएल इमारतीत आग लागली. धुरामुळे जिने बंद झाले आणि गच्चीवर जमलेल्या ८४ जणांना शिड्यांवरून सुखरूप खाली आणले गेले. ही कामे पाहून कुणाचाही ऊर भरून येईल. पण शिडीला मर्यादा असते. ती उभी करायला मोकळी, भक्कम जमीन लागते आणि तिथेच सोसायटीच्या मोटारी लावलेल्या असतात. उंच इमारतींत ठरावीक मजल्यांवर मोकळी निवारा जागा ठेवलेली असते, ती आगीच्या वेळी लोकांनी जमून सुटकेची वाट पाहण्यासाठी. कित्येक ठिकाणी तिथे जुने सोफे आणि सायकली पडलेल्या असतात.

२२ ऑगस्ट २०१८ रोजी परळच्या ‘क्रिस्टल टॉवर’ला सकाळी आग लागली आणि चौघांचा मृत्यू झाला. इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत नव्हती, असे पाहणीत आढळले. त्याच धुरात दहा वर्षांच्या एका मुलीने घरातल्यांना आणि शेजाऱ्यांना एकत्र केले, कापडाचे तुकडे ओले करून सगळ्यांना दिले आणि ते नाकातोंडावर धरून श्वास घ्यायला सांगितले. ही युक्ती ती शाळेत शिकली होती. पुढे तिला राष्ट्रीय शौर्य पुरस्कार मिळाला. ओले फडके विषारी वायू अडवत नाही, पण काजळी आणि उष्णता थोडी रोखते, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे धीर देते. जवान येईपर्यंत तेवढा वेळ मिळाला, हे मोलाचे.

दुसरे उदाहरण कोसळलेल्या इमारतीचे. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातली हुसैनी इमारत पडली, ३३ जण दगावले. अशा ठिकाणी पहिले हात शेजाऱ्यांचेच लागतात. अग्निशमन दल आणि एनडीआरएफचे जवान येतात तेव्हा एक विचित्र वाटणारी मागणी करतात: सगळ्यांनी गप्प राहा, यंत्रे बंद करा. कारण ढिगाऱ्याखालून आलेली हाक किंवा सळईवरची टकटक ऐकायची असते. मदतीच्या उत्साहात वर चढलेली गर्दी सैल झालेला मलबा खाली अडकलेल्यावरच ढकलू शकते. एका रांगेत उभे राहून घमेली पुढे सरकवणे आणि सांगितल्याबरोबर थांबणे ही तिथली खरी मदत.

कायद्याची बाजूही माहीत हवी. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम लागू आहे. त्यानुसार इमारतीतली अग्निशमन यंत्रणा नीट ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची, म्हणजे सोसायटीत राहणाऱ्यांचीच. परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून दर जानेवारीत आणि जुलैत ‘बी’ नमुन्यातले प्रमाणपत्र द्यावे लागते. सर्वसाधारण सभेत लिफ्टच्या रंगावर तासभर वाद रंगतो आणि हा विषय दोन मिनिटांत उरकतो. सभासदांनी एकच प्रश्न विचारावा: पंप शेवटचा कधी चालवून पाहिला?

घराघरांतले धडे मात्र अगदी साधे आहेत, आणि अग्निशमन सप्ताहात जवान शाळांत, वस्त्यांत, कार्यालयांत तेच करून दाखवतात. कढईतले तेल पेटले तर पाणी ओतायचे नाही. पाणी तळाला जाऊन एकदम वाफ होते आणि पेटते तेल छतापर्यंत उडते. गॅस बंद करायचा आणि झाकण ठेवायचे. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो. तो वर न जाता जमिनीलगत, ओट्याखाली साठतो. मूळचा तो बिनवासाचा, वास मुद्दाम मिसळलेला असतो. तो आला की दिव्याचे बटण लावायचेही नाही आणि बंदही करायचे नाही, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडते. रेग्युलेटर बंद करावा, खिडक्या-दारे उघडावीत आणि बाहेर पडावे. आगीच्या वेळी लिफ्ट टाळावी. खोलीतून निघताना दार ओढून घ्यावे, बंद दार धुराला काही मिनिटे तरी अडवते.

प्रात्यक्षिकात जमलेल्या बायका-पुरुषांच्या हातात अग्निशामक सिलिंडर दिला की बहुतेक जण फवारा ज्वाळांच्या शेंड्यावर मारतात. मग जवान त्यांचा हात धरून नळी खाली, आगीच्या मुळाशी वळवतो. एकदा हाताने केलेले लक्षात राहते. वर्षानुवर्षे भिंतीवर लटकलेला डबा पहिल्यांदा आगीच्या दिवशीच खाली काढायचा, असे होऊ नये. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या ‘आपदा मित्र’ योजनेतूनही गावोगावच्या तरुणांना प्राथमिक बचावाचे प्रशिक्षण मिळते आहे.

या सेवेत मुलीही आता येत आहेत, हे आनंदाने नोंदवायला हवे. नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयातून शिकलेल्या हर्षिनी कान्हेकर या देशातल्या पहिल्या महिला अग्निशामक म्हणून ओळखल्या जातात. मुंबईच्या दलात २०१२ पासून महिला जवान आहेत. शिडी, होज, दोर, सराव, सगळे पुरुषांच्या बरोबरीने.

आणि फोन. १०१ लावल्यावर घाबरलेला माणूस “लवकर या, आग लागलीय” एवढे सांगून फोन ठेवतो. नियंत्रण कक्षाला हवे असते ते इमारतीचे नाव, रस्ता, ठळक खूण, कितवा मजला, काय जळते आहे, आत कुणी अडकले आहे का आणि फोन करणाऱ्याचा नंबर. समोरचा सांगेपर्यंत फोन ठेवू नये. मग सोसायटीतल्या एकाने गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभे राहावे, आडव्या लावलेल्या दुचाक्या बाजूला करवून घ्याव्यात, फाटकाचे कुलूप काढावे आणि गाडी दिसताच हात करून वाट दाखवावी. दुसऱ्याने पाण्याची टाकी आणि पंपाची किल्ली कुणाकडे आहे ते पाहावे. तिसऱ्याने जिन्यातून उतरलेल्यांची मोजदाद करावी, म्हणजे “वर कोण राहिले?” या जवानाच्या पहिल्याच प्रश्नाला अंदाजाने नव्हे, नावानिशी उत्तर देता येईल.