नगररचनेत तटस्थ सल्लागार कशासाठी?

गावाच्या विकास आराखड्याचा नकाशा नगर परिषदेत टांगला म्हणजे पाहणारा प्रत्येक गृहस्थ प्रथम त्यात आपले घर शोधतो. निवासी भाग पिवळा, शेतीचा हिरवा, उद्योगधंद्यांचा जांभळा, अशी ही रंगांची वाटणी. बारामतीच्या कडेला नीरा डाव्या कालव्यावर भिजणारे उसाचे शेत घ्या, अथवा इंदापुरास पुणे-सोलापूर रस्त्यालगतचा माळ घ्या. माती तीच, धनीही तोच. परंतु हिरवा रंग जाऊन पिवळा आला की जमिनीचे मोल रातोरात पालटते. उलटपक्षी, एखाद्याच्या रिकाम्या जागेवर शाळेचे अथवा बागेचे आरक्षण पडले, तर त्यास तेथे घर बांधता येत नाही. जागा संपादन झाली नाही म्हणून आरक्षण उठविण्याची नोटीस द्यावयाची, तरी आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षे लोटावी लागतात. मुलीच्या लग्नासाठी ती जागा राखून ठेवणाऱ्या बापाची अवस्था काय होत असेल, ती सांगावयास नको.

एवढे सामर्थ्य ज्या कुंचल्यात आहे, तो एकट्याच्या हाती नसावा हे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६, ह्या कायद्याने ओळखले आहे. प्रारूप आराखडा प्रसिद्ध करावयाचा, हरकती मागवावयाच्या, आणि त्या ऐकण्यास नियोजन समिती बसवावयाची. तीत स्थायी समितीचे ३ सभासद, व नगररचनेचे विशेष ज्ञान वा अनुभव असणाऱ्या, बाहेरून नेमलेल्या, फार तर ४ व्यक्ती.

नगरसेवक अप्रामाणिक असतात म्हणून ही तजवीज, असे मी म्हणत नाही. मी आयुष्यभर मास्तरकी केली. ज्या शिक्षकाचा मुलगा वर्गात असे, तो आपण होऊन त्याची उत्तरपत्रिका दुसऱ्याकडे तपासावयास देई. त्यात त्याची अप्रतिष्ठा नव्हती. मुलाचे गुण मात्र निःशंक ठरत. नगरसेवकाचे सोयरे, भाऊबंद आणि मतदार त्याच नकाशावर राहतात.

आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी काय घडले पाहा. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्यावर २०१३ मध्ये ८० हजारांहून अधिक हरकती आल्या. समितीचे एकमत झाले नाही. तज्ज्ञांचा अभिप्राय निराळा, नगरसेवकांचा निराळा. अखेर मार्च २०१५ मध्ये राज्य शासनाने तो आराखडा आपल्याकडे घेतला, आणि मंजुरीस जानेवारी २०१७ उजाडला. पुष्कळांनी ह्यास तज्ज्ञांचा अडथळा मानले. मला तसे वाटत नाही. दोन मते कागदावर आली, म्हणून तर नागरिकांस वाद कशाचा हे कळले.

मात्र येथे एक खोच आहे. समितीचा अभिप्राय बंधनकारक नाही. आणि शासनाने नेमला एवढ्यानेच कोणी तटस्थ होत नाही. सल्लागाराचा त्या गावच्या जमिनीत व बांधकामात काडीचाही संबंध नसावा. त्याची कारणे नकाशाशेजारी लावावीत, आणि सभेने सल्ला डावलला तर का डावलला, ते ठरावात नमूद व्हावे. निर्णय अर्थात् निवडून आलेल्यांचाच राहील, कारण लोकांचा राग सोसणे त्यांच्या वाट्याचे आहे.

परंतु बाहेरचा म्हणजे गाव न पाहिलेला नव्हे. १९१४ साली हिंदुस्थानात आलेले पॅट्रिक गेडिस, जे पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले, ते सल्ला देण्यापूर्वी गल्ल्या पायी हिंडत. आधी निदान, मग औषध, असा त्यांचा आग्रह. बारामतीस येणाऱ्या सल्लागाराने प्रथम कऱ्हेच्या काठाने चालावे. एरव्ही ती ओढ्यासारखी दिसते, आणि काठची जागा पिवळी करा असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. सप्टेंबर २०१९ मध्ये नाझरे धरणातून पाणी सुटले, तेव्हा ह्याच काठच्या वस्तीतून लोकांना हलवावे लागले. त्या रात्री पाणी कोठवर चढले होते, हे काठची म्हातारी माणसे बोट ठेवून दाखवितात. ती खूण नकाशावर कोणी उतरवावी, एवढाच माझा प्रश्न आहे.