तिने व्हिनेगर खाल्लं

बायकोच्या कॉलेजातल्या मित्राचा विषय निघाला आणि चिनी नवरा अचानक गप्प झाला, तर ती हसून विचारणार, ‘व्हिनेगर खाल्लंस वाटतं?’ शब्द आहे ‘छ्र-त्सू’. छ्र म्हणजे खाणं, त्सू म्हणजे व्हिनेगर. छ्र वरच्या सुरात सपाट धरायचा. त्सूसाठी ‘चमचा’तला च घ्यायचा, जोराने श्वास सोडायचा आणि सूर वरून खाली आपटायचा.

आपण मार खातो, बोलणी खातो, भाव खातो. चिनी माणूस धक्का खातो, तोटा खातो, कष्टही खातो. व्हिनेगर त्याच पंगतीत बसलं.

पण ते वाढायचं कुठे, हे कळायला हवं. सहकाऱ्याच्या बढतीने पोटात दुखलं तर तिथे ‘डोळे लाल झाले’ म्हणतात. व्हिनेगर लागतं ते प्रेमात वाटेकरी आल्यावर. धाकटं भावंड आईच्या मांडीवर बसलं की थोरलंही ते खातं.

वाक्यात हा शब्द मधोमध फुटतो. ज्याच्यावर जळायचं तो शेवटी येत नाही, तो खाणं आणि व्हिनेगर यांच्या मध्ये घुसतो: ‘छ्र था-द त्सू’, म्हणजे ‘त्याचं व्हिनेगर खाणं’. कारण नसताना संशयाने जळणाऱ्याच्या व्हिनेगरला तर पंखच फुटतात. त्याला ‘उडतं व्हिनेगर’ म्हणतात. जात्याच संशयी माणूस म्हणजे व्हिनेगरची बरणी. अठराव्या शतकातल्या ‘लाल महालातलं स्वप्न’ या कादंबरीत एक नोकर मालकिणीबद्दल कुजबुजतो की इतर बायका बरण्या असतील, ही रांजण आहे!

उगमाची कथा थांग राजवटीतली. सम्राट ताइझोंगने (राज्यकाळ इ.स. ६२६ ते ६४९) मंत्री फांग श्वेनलिंगला उपपत्नी देऊ केली. मंत्र्याची बायको अडून बसली. ‘मान्य कर, नाहीतर हे विष पी,’ असं बजावताच तिने पेला रिकामा केला. आत व्हिनेगर निघालं. कथा झकास आहे, म्हणूनच तिला पुरावा मानायला मन धजत नाही.

खरं व्हिनेगर खाण्यात शान्शी प्रांताचा हात कोणी धरत नाही. तिथे ते मुख्यतः ज्वारीपासून करतात आणि नूडल्सवर सढळ हाताने ओततात. त्यामुळे चिनी टेबलावर ‘तू व्हिनेगर खातोस का?’ असं कुणी विचारलं, तर उत्तराआधी विचारणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहावं. नुसती बाटली पुढे करायची असेल तर ‘व्हिनेगर हवं?’ एवढंच पुरतं.