विहिरीत फुगणाऱ्या नळीचा नाजूक सांधा

तेलविहीर खोल जाते तशी प्रत्येक नवी केसिंग (विहिरीच्या भिंतीला आधार देणारी नळी) आधीच्या केसिंगमधूनच खाली उतरवावी लागते, म्हणून विहीर अरुंद होत जाते. यावर शेल कंपनीने १९९०च्या दशकात विलक्षण उपाय विकसित केला: पोलादी नळी आत उतरवायची आणि द्रवाच्या दाबाने शंकू ढकलून ती तिथेच फुगवायची! १९९९ मध्ये मेक्सिकोच्या आखातात हे तंत्र व्यावसायिक वापरात आलं.

खरी परीक्षा नळीचे तुकडे जोडणाऱ्या सांध्यांची. नळीच्या भिंतीतच आटे कापलेले, त्यामुळे तिथे धातू पातळ. फुगताना आटे ताणले जातात, पकड सैलावते, बाहेरच्या टोकाची कड उचलली जाऊ शकते. उतरवताना खडकाशी घासणं वेगळंच.

मला सर्वांत आवडलेला उपाय म्हणजे सांध्यावर चढवलेली पातळ धातूची बाही. उतरताना ती ओरखडे झेलते. शंकू जाताना सांध्याबरोबर तीही फुगते, पण ताणली गेल्यामुळे बाहेरून आवळत राहते. आटे एकमेकांना धरून राहतात, गळतीची शक्यता घटते, सांध्यात चीर पडलीच तर ती पसरायला अटकाव होतो. एवढ्याशा कड्याकडून इतकी कामं करून घेणाऱ्या अभियंत्यांचं मला मनापासून कौतुक वाटतं.